पाण्याचा पत्ता विचारून घे

पोरी, कोलकात्याला यायचं म्हणून तू भांडीकुंडी, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला सगळं बांधशील. त्याला माझी ना नाही. पण एक सवय मात्र विट्याकडंच ठेवून ये. नळ सुटला की, टँकर आला की घरात असेल नसेल ते भांडं भरून ठेवायचं; पाणी कुठलं, कसलं, किती दिवसांचं, हे विचारायचं नाही. ही आपली दुष्काळी सवय. तिकडं तिनं आपल्याला जगवलं, इथं तीच घात करते.

इथला कानमंत्र एकच. पाणी भरायच्या आधी त्याचा पत्ता विचार: आलं कुठून आणि जाणार कुठं. पुढं जे लिहितेय ते सगळं त्याच्याच पोटातलं.

आपली माणसं या शहरात आली ती पाण्यापायीच, म्हणजे नसलेल्या पाण्यापायी. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडं माण-खटाव, हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या आडोशाचा. ढग महाबळेश्वराकडं रिते होतात आणि आपल्या वाट्याला वारा तेवढा येतो. वर्षाला पाचशे मिलिमीटर पडला तरी माणसं साल बरं गेलं म्हणतात. शेतीत काही हाती लागेना म्हणून आपल्या लोकांनी गलाईचा, सोनं-चांदी गाळायचा धंदा धरला आणि देशभर पांगले. कोलकात्यात बडाबाजार, बऊबाजार भागात भट्ट्या लागल्या. तुझे थोरले मामंजी त्यातलेच.

आणि आले कुठं, तर सतराशे-अठराशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात. दाराशी गंगा, पूर्वेला नजर पोचेल तिथवर तळी. तरी सकाळी गल्लीतल्या नळावर बादल्यांची रांग लागते, वस्तीत पाण्यावरनं भांडणं होतात, आणि शिकलीसवरलेली माणसं वीस लिटरचे जार विकत घेतात. पाणी पुष्कळ, पिण्याजोगं थोडं. आपल्याकडच्या टंचाईत विहिरीचा तळ दिसतो, म्हणून ती लगेच कळते. इथली टंचाई भरल्या घागरीत असते, ती कळायला वेळ लागतो.

शाळेत तू जलचक्राचं चित्र काढलं असशील. समुद्र, सूर्य, ढग, डोंगर, नदी आणि सगळ्यांना जोडणारे बाण. चित्र खोटं नाही. हवेत चढलेलं पाणी सरासरी नऊ-दहा दिवसांत परत खाली उतरतंच. पण त्या चित्रात पंप नसतो, गटार नसतं, धरणाचं दार नसतं आणि मुळात माणूसच नसतो. कोलकात्यातलं पाणी या सगळ्यांच्या हातून फिरतं, म्हणून इथं पत्ता विचारावा लागतो.

नळाचं पाणी

उत्तर आणि मध्य कोलकात्यात घरी येतं ते बहुतेक गंगेचंच पाणी. बराकपूरजवळ पलता म्हणून ठिकाण आहे. तिथं १८७० च्या सुमारापासून नदीचं पाणी उचलतात, गाळ बसवतात, गाळून क्लोरीन घालतात आणि वीसेक किलोमीटर नळांतून टालाच्या टाकीत आणतात. ती टाकी एकदा जाऊन बघून ये. १९०९ साली काम सुरू झालं आणि १९११ ला पाणी चढलं. लोखंडी खांबांवर एकशे दहा फूट उंच, नव्वद लाख गॅलनची. आत चार कप्पे आहेत, त्यामुळं एक धुवायला काढला तरी बाकीचे चालू राहतात आणि शहराचं पाणी बंद पडत नाही. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी हा विचार केला होता. आत्ताच्या इमारतींच्या टाक्या धुवायला काढल्या की अख्खी बिल्डिंग दिवसभर ओरडत असते. दक्षिणेकडं गार्डन रीचच्या केंद्राचं पाणी जातं आणि पूर्वेच्या भागाला २०१४ पासून धापाचं.

नळाला वेळा आहेत. सकाळी, दुपारी, संध्याकाळी ठरलेल्या तासांना पाणी येतं. रस्त्यावरच्या अशा नळाला इथं ‘टाइम कल’ म्हणतात. मधल्या वेळात नळ नुसता रिकामा राहत नाही, हे लक्षात ठेव. आतला दाब गेला की जमिनीखालच्या फुटक्या सांध्यांतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, आणि बाहेर बऱ्याचदा गटाराचा नळ शेजारीच असतो. म्हणून पाणी सुटल्यावरची पहिली बादली पिण्याची नव्हे. ती फरशीला, संडासाला. धार स्वच्छ, सरळ झाली की मग घागर लाव. पावसात रस्ता तुंबून गेला असेल तर पुढचे चार-पाच दिवस पिण्याचं पाणी उकळल्याशिवाय कुणाला देऊ नकोस. चांगली खळखळ उकळी फुटली पाहिजे, नुसतं कोमट करून उपयोग नाही.

धार एकाएकी बारीक झाली तर शेजारी विचारून बघ. सगळ्यांकडं बारीक असेल तर वरचा घोळ. फक्त आपल्याकडं असेल तर फेरूल अडकलं. मोठ्या नळातून आपल्या घरची जोडणी जिथं निघते ते तोंड म्हणजे फेरूल, त्यात गाळ बसतो. ते महापालिकेच्या परवान्याच्या प्लंबरकडूनच साफ करून घ्यायचं. नळाला सरळ मोटर लावून पाणी ओढायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. मोटर शेजारच्याचं पाणी तर पळवतेच, पण सांध्यातली घाणही तीच आत ओढते.

जुन्या भागात रस्त्याकडेला आणखी एक पाणी वाहताना दिसेल, गढूळ, मातकट. ते न गाळलेलं गंगेचं पाणी. रस्ते धुवायला आणि आगीच्या बंबांना म्हणून इंग्रजांच्या वेळेपासून त्याचे वेगळे नळ टाकलेले आहेत. लोक त्यावर अंघोळ करतात, भांडी घासतात. गंगा म्हणून हात जोड हवं तर, पण आपलं भांडं त्याला लावू नकोस.

तू हसशील, म्हातारी फार घाबरते म्हणशील. पण या शहराचा आणि पाण्यातल्या रोगाचा संबंध जगाला माहीत आहे. रॉबर्ट कॉख हा जर्मन डॉक्टर पटकीचं मूळ शोधत इथंच आला होता. १८८४ साली बेलेघाटाच्या एका तळ्याच्या पाण्यात त्याला पटकीचे जंतू सापडले. लोक त्याच तळ्यात धुत आणि त्याचंच पाणी पीत. पटकीच्या जंतूचं विष आतड्यावर काय करतं हे इथल्याच शंभूनाथ दे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं. आणि १९७१ ला बांगलादेशाचे निर्वासित बनगावच्या छावणीत पटापट मरायला लागले, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज-मीठ-सोड्याचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हातानं पाजायला लावलं. शंभरातली तीसेक माणसं जात होती, ती चारच्या खाली आली. तेव्हा हे घोटून ठेव: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. जुलाब लागले की पहिल्या तासातच घोट घोट द्यायला लाग आणि मग डॉक्टर गाठ. मीठ अंदाजानं मूठभर टाकायचं नाही. जास्त झालं तर लहान पोराच्या जिवावर बेततं.

जमिनीखालचं पाणी

हे जरा सावकाश वाच. घर घेताना फसगत होते ती इथंच.

दक्षिणेकडं, यादवपूर-टालीगंजच्या बाजूला आणि शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींत बऱ्याच इमारती कूपनलिकेवर चालतात. बिल्डर सांगतो, “चोवीस तास पाणी.” आपल्याकडं हे ऐकलं की माणूस लगेच टोकन देऊन मोकळा होतो. तू देऊ नकोस. विचार, हे पाणी महापालिकेचं का जमिनीतलं? का दोन्ही एकाच हौदात पडतं? बहुतेक ठिकाणी दोन्ही एकत्रच पडतं आणि राहणाऱ्यांना ठाऊकही नसतं.

कारण या पाण्यात दोन गोष्टी असतात. एक लोह. ते दिसतं. बादलीला तांबूस कड धरते, पांढरे कपडे पिवळे पडतात, भात शिजला की रंग बदलतो. त्याचा त्रास असतो, पण ते लपत नाही. दुसरं आर्सेनिक, म्हणजे सोमलातलं विष. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. हिमालयातून गंगेनं हजारो वर्षं जो गाळ आणून इथं टाकला, त्याच्या कणांवर ते लोहाबरोबर चिकटून असतं. खोल, हवा न पोचणाऱ्या थरात कुजक्या पाल्यापाचोळ्यामुळं ते लोह सुटतं आणि त्याच्याबरोबर आर्सेनिकही पाण्यात उतरतं. १९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगाचे डॉक्टर क्षितीशचंद्र साहा यांच्याकडं खेड्यांतले रोगी येऊ लागले, अंगावर पावसाच्या थेंबांसारखे डाग, तळहात-तळपाय खरबरीत झालेले. लोकांना तो महारोग वाटत होता. निघालं ते चापाकलाचं, म्हणजे हातपंपाचं पाणी. पुढं यादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती गावोगाव नमुने घेत फिरले, तेव्हा कुठं बंगालला या दुखण्याचा आवाका कळला. शहराच्या दक्षिण भागातल्या कूपनलिकांतही ते सापडलेलं आहे.

आता नीट ऐक, कारण इथं आपलं घरगुती शहाणपण उलटं पडतं. उकळल्यानं आर्सेनिक जात नाही. पाण्याची वाफ होते आणि विष खाली राहतं, म्हणजे उलट दाट होतं. तुरटी फिरवून, माठात निवळून, फडक्यानं गाळून भागत नाही. शेजारची शंभर वर्षांची म्हातारी तेच पाणी पिऊन ठणठणीत आहे, हा पुरावा नव्हे. प्रयोगशाळेतली चाचणी, एवढा एकच पुरावा. लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या आत हवं. चाचणी दर वर्षी करायची, कारण उपसा वाढला की पाणी नव्या थरातून यायला लागतं.

आणि सरसकट आरओचं यंत्र बसवायची घाई करू नकोस. नळाला नुसतं गंगेचं शुद्ध केलेलं पाणी येत असेल तर त्यात क्षार फार नसतात, तिथं साधा फिल्टर आणि उकळणं पुरे. आरओ एक भांडं पाणी देताना दोन-तीन भांडी मोरीत सोडतं. राष्ट्रीय हरित लवादानंही २०१९ मध्ये म्हटलं होतं की लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत क्षार असतील तिथं आरओ नको. जमिनीतलं पाणी असेल आणि दुसरा इलाज नसेल तर मात्र बसव, आणि बाहेर पडणारं पाणी बादलीत धरून फरशीला वापर.

तुझे सासरे येतील तेव्हा पहिलं विचारतील, “शोषखड्डा काढलाय का?” विट्याला मुरूम आहे, खडकाला भेगा आहेत. अंगणात मुरवलेलं पाणी विहिरीला लागतं, ते बरोबरच. इथं पायाखाली चिकणमातीचा जाड थर आहे, बऱ्याच ठिकाणी चाळीसेक मीटरचा. त्याच्या खाली वाळूत पाणी आहे, पण आपल्या अंगणातला पाऊस तिथवर पोचत नाही. ते पाणी दुरून, शहराबाहेरून सरकत येतं. वरून मुसळधार आणि खालची पातळी घसरतेय, असं या शहराचं आहे. अंगणात खड्डा खणलास तर डासांचं डबकं होईल.

म्हणून इथं पाऊस मुरवायचा नाही, धरायचा. हिशेब सोपा आहे. हजार चौरस फुटांची गच्ची, तिच्यावर एक मिलिमीटर पडला की नव्वदेक लिटर. आषाढातल्या एका चांगल्या सरीचे पन्नास मिलिमीटर धरले आणि वाया जाणारं सोडलं तरी साडेतीन हजार लिटर हाती येतं. विट्याला तेवढ्यासाठी टँकरवाल्याच्या मागं फिरलोय आपण. पहिल्या दहा मिनिटांचं सोडून द्यायचं, गच्चीची धूळ आणि पाखरांची घाण त्यात असते. उरलेलं धुण्याला, संडासाला.

पण पुन्हा बजावते, साठवण आठवड्याच्या आत संपली पाहिजे. जुन्या घरात मोरीजवळ बांधलेला हौद असतो, त्याला चौबाच्चा म्हणतात. तो काठोकाठ भरलेला बघून आपल्या माणसाला बरं वाटतं. डेंगीच्या डासालाही वाटतं. तो घाण पाण्यात नाही, अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवड्याभरात डास तयार. आठवड्यातून एक वार ठरव, हौद, पिंप, कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करून काथ्यानं घास. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून दिल्यानं जात नाहीत. रोनाल्ड रॉसनं १८९८ मध्ये पाखरांच्या हिवतापाचे प्रयोग याच शहरात केले आणि डास रोग पसरवतो हे पक्कं केलं. तरी महापालिकेचा माणूस टॉर्च घेऊन हौद बघायला आला की लोक दार उघडत नाहीत. तू उघड.

आभाळातलं पाणी

फाल्गुन सरला की दुपारी छोटानागपूरच्या पठाराकडून काळं आभाळ चालून येतं, त्याला कालबैशाखी म्हणतात. आपला वळीवच, पण वारा दसपट. गच्चीवरचे पत्रे, कुंड्या आधीच बांधून ठेव. पुढं जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आगेमागे मान्सून येतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मुक्काम ठोकतो. एवढं सगळं बंगालच्या उपसागरातून उठून येतं, म्हणून हवा सदा ओली.

ओल्या हवेचे कायदे वेगळे. विट्याहून माठ आणू नकोस. माठातलं पाणी गार होतं ते बाहेर पाझरलेलं पाणी वाळतं म्हणून, आणि इथं वैशाख ते भाद्रपद हवाच पाण्यानं भरलेली, ते वाळणार कुठं? तसाच अंगावरचा घामही वाळत नाही. तिकडच्या बेचाळीसपेक्षा इथले अडतीस जास्त छळतात. तहान लागायची वाट बघू नकोस, तासातासाला पीत जा.

एसी लावलात तर त्याच्या नळीखाली बादली ठेव. सकाळपर्यंत बरीच भरलेली असते. ती सगळी तुझ्या खोलीतल्या हवेतली वाफ, दुसरं काही नाही. फरशी पुसायला उत्तम, डाग पडत नाहीत. पिण्याला मात्र नको, आतल्या तांब्या-अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवरची घाण घेऊन ते येतं.

जाणारं पाणी

इथं नवा माणूस एका गोष्टीत हमखास चुकतो. नदी पश्चिमेला आहे म्हणून त्याला वाटतं सांडपाणी नदीकडं जात असणार. शहराचा उतार उलटा आहे, पूर्वेकडं. नदीनं पूर ओसरताना काठाशी जास्त गाळ टाकला, त्यामुळं काठच उंच झाला आणि मागचं गाव खोलगट राहिलं. पाणी पंपांनी उचलून ढकलावं लागतं, आणि त्यातलं काही जिथं नदीला मिळतं तिथं दारं आहेत, लॉकगेट. गंगेला दिवसातून दोनदा भरती येते, तेव्हा ही दारं तीन-चार तास बंद ठेवतात, नाहीतर नदीच गटारातून शहरात शिरेल. भरती आणि मुसळधार एकाच वेळी आली की पाणी अडकलं. ठनठनिया, आमहर्स्ट स्ट्रीट, कॉलेज स्ट्रीट हे नेहमीचे बळी. पावसाळ्यात भरतीच्या वेळा बातम्यांत सांगतात. अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी असते. पोराची शाळा, दवाखाना, जे काय असेल ते त्या वेळा बघून ठरव. भरती दर दिवशी पाऊण-एक तास पुढं सरकते, तेव्हा कालच्या वेळेवर जाऊ नकोस.

२३ सप्टेंबर २०२५ ला, दुर्गापूजेच्या तोंडावर, चोवीस तासांच्या आत अडीचशे मिलिमीटर कोसळला. आटपाडीचं निम्मं वर्ष एका रात्रीत. शहरात जी माणसं गेली त्यांतली बहुतेक बुडून नाही, विजेचा धक्का बसून गेली. तेव्हा तुंबलेल्या पाण्यात चालताना विजेच्या खांबाला, दुकानाच्या शटरला, दिव्यांच्या माळांना हात लावायचा नाही. तळमजल्यावरच्या पंपाचं बटण घोट्याएवढं पाणी यायच्या आतच बंद करायचं. आणि जमिनीखालच्या हौदाचं झाकण बघ. रस्त्याच्या पातळीला असेल तर गटार सरळ पिण्याच्या पाण्यात उतरतं. कट्टा दोन फूट वर बांधून घ्यायला खर्च फार नाही. इमारतीच्या बैठकीत याच्यावर वाद घालतील. तू मागं हटू नकोस.

जाता जाता एक सांगते, पाहुण्यांना सांगायला बरं पडतं. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं सैन्य बंगालवर आलं, तेव्हा आपल्या भीतीनं इथल्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत, तीनेक मैल होईतो धास्ती सरली. पुढं १७९९ च्या सुमारास तो बुजवून सर्क्युलर रोड केला. बागबाजारात मराठा डिच लेन अजून आहे. भोसल्यांचं सैन्य कोलकात्यात शिरलं नाहीच. बंगाली शेजारीण बर्गींचं, म्हणजे त्या मराठा स्वारांचं, नाव काढून चिडवेल, तर तू हसून चहा टाक, कारण बाकीच्या बंगालला त्या स्वाऱ्यांचा जो त्रास झाला तो खोटा नाही.

तर सांडपाणी पूर्वेला जातं. पूर्वीची विद्याधरी नदी गाळानं भरून मेली, मग १९४० च्या दशकात कालवे काढून ते कुलटी नदीपर्यंत नेलं. पण वाटेत कोळी लोक ते उथळ तळ्यांत घेतात, त्यांना भेरी म्हणतात. ऊन, शेवाळ आणि मासे मिळून ती घाण खातात. रुई, कतला, तिलापिया तिथं वाढतो, शेजारी धापाला भाजी पिकते आणि ते सगळं पहाटे शहरातल्या बाजारात परत येतं. साडेबारा हजार हेक्टरांचा हा भाग २००२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेला. ध्रुवज्योती घोष या इंजिनियरनं आयुष्य घालून जगाला दाखवलं की इथले कोळी शहराची घाण फुकटात साफ करतात. इथं जमिनीला सोन्याचा भाव, त्यामुळं बुजवणाऱ्यांचा डोळा कायम आहे. १९९२ ला उच्च न्यायालयानं त्यांना अडवलं म्हणून एवढं तरी राहिलं.

आता आपल्या घरचं बोलते. गलाईच्या कारखान्यात सोन्यातली चांदी तेजाबात विरघळवतात, मग तांब्याचे तुकडे टाकून ती परत पाडतात. मागं उरतं ते निळं-हिरवं पाणी. दिसायला सुंदर, मोरपिशी. ते मोरीत ओतलं की काम संपलं असं पुष्कळांना वाटतं. ते भेरीत जातं. शेवाळ विष्ठा पचवतं, धान्याचं धुवण पचवतं. तांबं आणि आम्ल पचवत नाही. तांबं गाळात बसतं, तळ्यातल्या जिवांना मारतं आणि उरलेलं माशाच्या अंगात उतरतं. रविवारी तुझा नवरा हौसेनं जो कतला आणतो तो तिथलाच. म्हणून त्याला सांग, आणि बाईनं धंद्यात बोलू नये म्हणाला तर माझं नाव सांग: त्या पाण्यात लोखंडाची भंगार तार टाकायची, तांबं खाली बसतं आणि विकलंही जातं. मग चुन्यानं आम्ल मारायचं, आणि खालचा गाळ परवानाधारक कचरा उचलणाऱ्याच्या हवाली करायचा. मोरीत एक थेंब नाही. कष्टाचा धंदा आहे, त्यात हे एक काम वाढतं, मला कळतं. तरी करायचं.

तसंच स्वयंपाकघरातलं. तळणीचं उरलेलं तेल मोरीत नको, इथल्या विटांच्या जुन्या गटारांत ते गोठून बसतं आणि श्रावणात तुझ्याच दाराशी पाणी उभं राहतं.

वरचं पाणी

चैत्र-वैशाखात नळाचं पाणी कधी जरा मचूळ लागलं तर आश्चर्य करू नकोस. वरून गंगा आटलेली असते आणि खालून समुद्र भरतीबरोबर वर सरकतो. बंदर गाळानं भरत चाललं होतं आणि हे मीठही वाढलं होतं, म्हणून १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाला. तिथून अडतीस किलोमीटरच्या कालव्यानं पाणी या आपल्या फाट्यात सोडतात, तेव्हा बंदराचा गाळ थोडा हटतो आणि मीठ मागं रेटलं जातं. तेच पाणी बांगलादेशालाही हवं. १९९६ च्या डिसेंबरात दोन देशांनी तीस वर्षांचा करार केला, त्याची मुदत २०२६ च्या डिसेंबरात संपते. टेंभू योजनेच्या पाण्यावरनं आटपाडी आणि सांगोल्यानं किती मोर्चे काढले ते तू बघितलंस. इथं तेच, फक्त मोर्च्याऐवजी राजदूत. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं कृष्णेचं पाणी गेलं, तेव्हा पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं आणि सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. टालाच्या एका टाकीत त्याच्या ऐंशीपट मावतं, आणि त्या टाकीचं तोंड फराक्क्याच्या दारांशी बांधलेलं आहे, हे इथल्या फार थोड्यांच्या ध्यानात असतं.

घरगुती पाण्याला महापालिका इथं पाणीपट्टी घेत नाही. त्यामुळं टाइम कलाला तोटी नसली तरी कुणाचं काही जात नाही असं सगळे धरून चालतात, आणि पाणी रस्त्यावर वाहत राहतं. तू मात्र जाता-येता तोटी बंद करत जा. लोक बघतील, बघू देत. दुष्काळी मुलखातून आणायची सवय असेल तर ही आण.

गणपतीत हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात आपली सगळी भेटतात. तिथं नव्यानं आलेल्या दुसऱ्या मुलींनाही हे सांग. आणि जागा बघायला जाशील तेव्हा नवऱ्याच्या आधी तू बोल. पाणी कुठलं, हौद शेवटचा कधी धुतला, झाकण रस्त्यापेक्षा किती वर आहे, आर्सेनिकच्या चाचणीचा या वर्षीचा कागद कुठाय. कागद दाखवला नाही तर चहा पिऊन उठ आणि दुसरं घर बघ.